जटा करून मिळतील, काढूनही मिळतील

“केस म्हणजे केस! डोकं कोणाचंही असो!”

हे वाक्य उस्ताद दिवसातून निदान पाच वेळा म्हणायचे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आवळलं गेलं, पळून जायची सोय उरली नाही, की उस्ताद कात्री दोनदा हवेत वाजवायचे आणि हे वाक्य टाकायचे. तेवीस वर्षं केस कापत होते. ‘उस्ताद’ ही पदवी कोणी दिली असं विचारलं, तर आरशात स्वतःकडे बघून हसायचे. म्हणजे काय ते समजून घ्या!

तेवीस वर्षांत चुका झाल्या नाहीत असं नाही. रग्गड झाल्या. पण या धंद्यात एक मोठी सोय आहे. चुकलं की आणखी थोडं कापायचं! डावी बाजू आखूड झाली, उजवी आखूड करा. उजवी जास्त झाली, परत डावीकडे या. अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन फिरवा आणि सांगा, “उन्हाळ्यात हेच बरं पडतं!” बिघडलेलं पुन्हा होतं तसं करून द्यायची वेळ उस्तादांवर कधी आलीच नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात समोरच्या फुटपाथवर नवं दुकान उघडलं. काचेचं दार, आत गार हवा आणि बाहेर हा एवढा बोर्ड, ‘केसांचे सर्व काही’. उस्तादांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना.

त्याच आठवड्यात ड्रमवाला आला. हा गडी दिवसा पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये ड्रम बडवणारा. केस असे दाट आणि कुरळे, की डोक्यात पेन्सिल खोचली तर घरी जाईपर्यंत पडायची नाही.

“जटा करून द्याल का हो? ते ड्रेडलॉक्स म्हणतात ते?”

उस्तादांनी जटा फक्त फोटोत पाहिल्या होत्या. पण समोर ते काचेचं दार चमकत होतं ना!

“करून द्याल का म्हणजे काय? बस!”

आणि काय सांगू, जमलं की! एक बट घ्यायची, पीळ द्यायचा, तळहातांत वळायची, सोडायची. पीळ जागच्या जागी! दोन तासांत डोकंभर जटा तयार. ड्रमवाल्याने मान गदागदा हलवली, जटा झुलल्या, तो “झकास!” म्हणाला आणि गेला.

दुकान पुढे आणि घर मागे. उस्ताद उड्या मारत मागे गेले. बायको क्रोशाच्या सुईने बाळाची टोपी विणत बसली होती.

“अगं, पाहिलंस? पहिल्याच फटक्यात! या वयात नवी कला!”

“त्याचे केस कुरळे होते,” मान वर न करता बायको म्हणाली.

“केस म्हणजे केस!”

“बरं,” ती म्हणाली आणि टाके मोजायला लागली.

दुसऱ्याच दिवशी उस्तादांनी बोर्ड रंगवायला टाकला. ‘जटा करून मिळतील.’ पेंटर म्हणाला, “खाली जागा रिकामी राहतेय, बरं दिसत नाही.” मग उस्तादांनी सांगून टाकलं, “लिही, काढूनही मिळतील!” काढायच्या कशा, हा विचार ना पेंटरच्या मनात आला, ना उस्तादांच्या. जागा मात्र छान भरली.

आता बोर्डावर फोटो हवा. ड्रमवाल्याचा फोटो काढायचं आनंदाच्या भरात राहूनच गेलं होतं. दुसरं डोकं शोधणं आलं, आणि तेही लांब केसांचं. असं डोकं नात्यात एकच होतं. बारक्याचं!

बारक्या म्हणजे उस्तादांचा मेहुणा. उंची सहा फूट, पण शेंडेफळ म्हणून नाव बारक्या. पोस्टात काउंटरवर बसायचा. केस खांद्याखाली वीतभर, सरळ, काळेभोर आणि इतके गुळगुळीत, की त्यावर माशी बसली तरी घसरावी.

पण हे केस बारक्याचे नव्हते. डोक्यावर त्याच्याच होते, पण ठेवलेले आईसाठी होते. सासूबाईंना मागे मोठं आजारपण आलं. त्यातून त्या खडखडीत बऱ्या झाल्या, पण औषधांनी केस गेले ते पूर्वीसारखे परत आलेच नाहीत. आले ते विरळ, बोटभर. ज्या बाईला तिच्या लांब वेणीवरून लोक गर्दीत ओळखायचे, ती डोक्याला रुमाल बांधून घरात बसली. गाण्याचा वर्ग घ्यायच्या, तो बंद केला. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “घसा बसलाय.” घसा ठणठणीत होता! तेव्हा बारक्या म्हणाला, “आई, तुझे केस आणि माझे केस सारखेच. मी वाढवतो, तुझा विग करू.” आणि अडीच वर्षं त्याने कात्री लावून घेतली नाही. पोस्टात लोक पाठमोरं बघून ‘ओ बाई’ म्हणून हाक मारायचे, तरी नाही! विगवाल्या बाईंनी चौदा इंच सांगितले होते. बारक्याचे पंधरा भरले होते.

हे उस्तादांना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! दर महिन्याला पट्टी लावून त्यांनीच तर मोजले होते. पण विगवाल्या बाई येणार पुढच्या महिन्यात, आणि बोर्ड टांगायचा उद्या.

“दोन दिवस फक्त! फोटो काढला की सोडवून देतो. एक केस इकडचा तिकडे होणार नाही!”

“ताईला विचारू या का, भाऊजी?”

“तिला कशाला मध्ये? ती गेलीय तिच्या विणकामाच्या प्रदर्शनाला. येईपर्यंत सगळं जिथल्या तिथे!”

बारक्या स्वभावाने भोळा. शिवाय खरं सांगायचं तर, अडीच वर्षं एवढे केस वागवून त्याला त्यांची काडीची मजा घेता आली नव्हती. बसला खुर्चीत.

उस्तादांनी पहिली बट घेतली, पीळ दिला, तळहातांत वळली, सोडली. पीळ उलगडला. केस सरळ! पुन्हा पीळ, पुन्हा सरळ. घट्ट वळून टोकाला रबर लावलं, तर रबर घसरून टप्पकन खाली पडलं.

“भाऊजी, जमत नसेल तर...”

“गप्प बस! मान सरळ ठेव!”

मग उस्तादांनी कंगवा उलटा चालवला, टोकाकडून मुळाकडे. केसांचा गुंता झाला खरा. तो गुंता आत दाबायला त्यांनी बायकोच्या टोपलीतून क्रोशाची सुई आणली. सुई खुपस, केस ओढ, सुई खुपस, केस ओढ! चार तास हे चाललं. बेचाळीस जटा झाल्या. बेचाळिसावी झाली तेव्हा पहिल्या तीन सुटून मोकळ्या झाल्या होत्या. उस्तादांच्या कपाळाला घाम, बारक्याच्या डोळ्यांना पाणी.

तेवढ्यात शेजारचा सुतार डोकावला. दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, “फारच गुळगुळीत आहेत ना? मेण लावा की! माझं टेबलांना लावायचं आहे. पाणी सांडू द्या, काही सांडू द्या, एकदा बसलं की दहा वर्षं हलत नाही!”

दहा वर्षं हलत नाही, हे ऐकून कोणीही शहाणा माणूस जागीच थबकला असता. उस्तादांनी वाटी पुढे केली.

सुटलेल्या तीन जटा पुन्हा वळल्या, मेण चोळलं, वरून ड्रायरची गरम हवा मारली, मेण वितळून आतपर्यंत मुरलं, आणि मग गार झालं. जटा अशा झाल्या की बघत राहावं! बारक्याने मान हलवली की खडखड वाजायच्या. हाताची घडी घालून त्याचा फोटो काढला, बोर्डावर चिकटवला, आणि शनिवारी सकाळी बोर्ड दुकानाबाहेर झळकला. उस्ताद रस्ता ओलांडून पलीकडे गेले, काचेच्या दुकानासमोर मुद्दाम पाच मिनिटं उभे राहिले आणि तिथून आपला बोर्ड डोळे भरून पाहून आले.

दुपारी बायको परतली. मागच्या दाराने आली, खांद्याला पिशवी, कानाला फोन.

“हो हो बाई, उद्या पाचला? चालेल की! आईलाही बोलावते. केस ना? अहो, केस अगदी तुम्ही सांगितलेत तसे ठेवलेत. सरळ, सुटे, स्वच्छ...”

आणि तिला बारक्या दिसला. तिने फोन ठेवला, पिशवी ठेवली, बारक्याभोवती एक चक्कर मारली आणि एका जटेवर नखाने टकटक केलं. टकटक आवाज आला!

“अहो, हे काय आहे?”

“फोटोपुरतं गं. पण उद्या पाचला काय?”

“विगवाल्या बाई! त्या परवा गावाला चालल्यात, दीड महिना नाहीत. म्हणून उद्याच येऊन केस नेणार. चौदा इंच. सुटे. सगळ्यांची मुळं एकीकडे, टोकं एकीकडे. आणि तुम्ही... हे आता काढणार कसं?”

“बोर्ड नाही का वाचलास?” उस्ताद हसायचा प्रयत्न करत म्हणाले. “काढूनही मिळतील!”

“ते लिहिलंय. काढणार कसं ते विचारतेय मी.”

तेवीस वर्षांच्या सवयीने उस्तादांचा हात आपोआप खिशातल्या कात्रीकडे गेला.

“कात्री खाली ठेवा!”

“अगं, मी फक्त...”

“खाली!”

तिने कात्र्या, वस्तरा, मशीन सगळं उचललं, लोखंडी कपाटात टाकलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. तेवीस वर्षांत उस्ताद पहिल्यांदा आपल्याच दुकानात रिकाम्या हातांनी उभे राहिले.

मग सुरू झाले उपाय. गरम पाणी आणि शाम्पू. फेस झाला डोंगराएवढा, मेण मात्र पांढरं पडून आणखी घट्ट बसलं. मग तेल, दोन बाटल्या! आता मेणावर तेल. बारक्या खुर्चीतून दोनदा घसरून खाली आला. शेवटी उस्तादांनी एक जट दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

“आई गंऽऽ!” बारक्या किंचाळला.

उस्तादांच्या मुठीत केसांचा पुंजका! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “गेलं! टक्कल पडलं याला! आता सासूबाईंना मी काय तोंड दाखवू?”

नेमका त्याच वेळी दारातून आवाज आला, “काढूनही मिळतील ना?”

ड्रमवाला! “तलावावर टोपी सक्तीची केलीय हो, आणि माझ्या जटांवर ती बसेना. बरं झालं तुमचा बोर्ड...” तो थांबला. बारक्याच्या डोक्याजवळ नाक नेऊन त्याने वास घेतला. “मेण? अहो, मेण कोणी लावतं का जटांना!”

“अरे, पण तुझ्या वेळी कशा झटक्यात झाल्या!”

“माझ्या वेळी?” ड्रमवाला जरा ओशाळला. “उस्ताद, आठ दिवस विंचरलं नाही की माझ्या जटा आपोआपच होतात. मी येतानाच निम्म्या झालेल्या होत्या. तुम्ही दोन तास नुसते वळत होता, मला गुदगुल्या होत होत्या. पण तुम्ही इतके खूश दिसत होता, म्हटलं कशाला बोला!”

उस्ताद मटकन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले.

“आणि टक्कलबिक्कल काही नाही,” ड्रमवाल्याने तो पुंजका हातात घेऊन पाहिला. “रोज डोक्यावरचे शंभरेक केस गळतातच. एरवी ते कंगव्यात जातात, जटा केल्या की आतच अडकून बसतात. थोडे तुमच्या ओढण्याने तुटलेत. पुन्हा मात्र ओढू नका.”

बायको इतका वेळ एक जट बोटांत धरून उलटीसुलटी करत होती. चुकलेला स्वेटर हातात आला की ती अशीच बघायची.

“लोकर वेगळी, रेशीम वेगळं,” ती म्हणाली. “लोकरीचा गुंता बोटांनी सुटतो. रेशमाचा सुटतो तो सुईनेच, आणि तोही टोकाकडून. जिथे संपवलं तिथून मागे यायचं. पण आधी हे मेण निघायला हवं.” मग तिने ड्रमवाल्याकडे वळून पाहिलं. “तुमची लोकर आहे. कंडिशनर चोपडा आणि बसा बोटांनी सोडवत. आमची मदत मिळणार नाही.”

“चालेल, वहिनी!” म्हणत तो खरंच शेजारच्या खुर्चीत बसला.

संध्याकाळपर्यंत बायकोने सुईने मेण खरवडत, केसन् केस मोकळा करत नऊ जटा सोडवल्या. नऊ! राहिल्या तेहेतीस. उस्ताद म्हणाले, “रात्रभर बसू या.” बायको म्हणाली, “थकल्या हातांनी उसवलं की दोरा तुटतो. झोपा!” उस्तादांनी जाता जाता बाहेरचा बोर्ड काढला आणि दुकानाच्या दाराआड भिंतीकडे तोंड करून उभा केला. बारक्या पालथा झोपला. सकाळी उठला तेव्हा उशीही त्याच्याबरोबर उठली.

ती उशी सोडवताना बायकोला सुचलं. “अहो! टेबलक्लॉथवर मेणबत्ती सांडली की आपण काय करतो?”

“मी ओरडा खातो.”

“त्यानंतर!”

त्यानंतर ती कागदात धरून इस्त्री फिरवते आणि कागद मेण पिऊन टाकतो! झालं, इस्त्रीचं टेबल दुकानात आलं. बारक्या स्टुलावर बसला, टेबलावर गाल टेकला, जटा पसरल्या, वर कागद, खाली कागद. ड्रमवाला सकाळीच हजर झाला होता. त्याचं डावं अर्धं डोकं सुटून फुगून भोपळ्याएवढं झालं होतं, उजव्या अर्ध्यात जटा तशाच. तो कागद पुरवायचा, उस्ताद मंद इस्त्री फिरवायचे आणि बायको मऊ झालेली जट सुईने उसवायची. आणि सुटायला लागलं हो! दोन वाजेपर्यंत चौदा उरल्या.

आणि दोन वाजता मागचं दार उघडून सासूबाई आत आल्या. पाचला बोलावलेल्या. पण अडीच वर्षं वाट पाहिलेली बाई घरी कशी थांबेल?

“अगं बाई! माझ्या लेकराच्या डोक्यावर इस्त्री!”

सगळे जागच्या जागी. उस्तादांच्या हातात इस्त्री. बायकोने झटकन बारक्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला.

“शेक!” उस्ताद ओरडले. “शेक देतोय, आई! याचं डोकं दुखत होतं!”

“इस्त्रीने?”

“मंद आहे!”

सासूबाईंनी ड्रमवाल्याच्या डोक्याकडे पाहिलं. एकीकडे भोपळा, एकीकडे दोऱ्या. “आणि हा कोण?”

“हा... याचंही डोकं दुखत होतं.”

“याला शेक जरा जास्त झालेला दिसतोय,” सासूबाई म्हणाल्या. मग त्या बारक्याजवळ आल्या आणि टॉवेलवरूनच त्याच्या पाठीवर हात फिरवला. “बाळा, दुखत असेल तर नको कापू आज. मला काही घाई नाही.” आणि त्या आत गेल्या.

थोड्या वेळाने उस्ताद त्यांना चहा द्यायला आत गेले, तर दार अर्धवट लोटलेलं. सासूबाई आरशासमोर उभ्या होत्या. रुमाल सोडून ठेवलेला. एक हात खांद्यापाशी, जिथे पूर्वी वेणी पुढे घेत तिथे. आणि त्या गुणगुणत होत्या. बसलेल्या घशाने नव्हे, स्वच्छ सुरात!

उस्ताद चहा घेऊन तसेच मागे फिरले. आयुष्यात त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. एका बोर्डासाठी! एका फोटोसाठी! ड्रमवाल्याच्या हातात कप कोंबून ते बायकोसमोर जाऊन बसले.

“दुसरी सुई दे.”

“जमेल?”

“शिकव,” उस्ताद म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून दुकानात आजवर कोणी ऐकला नव्हता.

पहिली जट सोडवायला त्यांना पाऊण तास लागला. टोकाकडून बोटभर, कंडिशनर, सुई, पुन्हा बोटभर. ओढायचं नाही, चिडायचं नाही. दोनदा चिडले, दोनदा बायकोने नुसतं बघितलं. दुसरीला वीस मिनिटं. बायकोने तोवर सात उडवल्या होत्या. पावणेपाचला शेवटची जट सुटली, आणि ड्रमवाला बेंबीच्या देठापासून ओरडला, “झकाऽऽस!” बारक्याला नळाखाली धरलं, पुसलं, ड्रायर मारला, मुळापासून टोकापर्यंत कंगवा चालवला. कंगवा कुठे अडला नाही. पण केस? आधी पावसाच्या धारेसारखे सरळ होते. आता लाटाच लाटा, आणि दिसायला दुप्पट!

पाचच्या ठोक्याला विगवाल्या बाई आल्या. चष्मा, पट्टी, पिशवी. त्यांनी केस उचलले, दिव्यासमोर धरले.

“सरळ म्हणाला होता ना तुम्ही?”

बाईंनी पट्टी लावली. एकदा इथे, एकदा तिथे. “टोकं तुटलीत थोडी.” पुन्हा पट्टी. उस्तादांनी डोळे मिटून घेतले. “चौदा,” बाई म्हणाल्या. “आणि वर एक सूत. होईल विग. पण या लाटा राहतील की जातील, सांगता यायचं नाही. चालेल का, ते ज्यांचा विग त्यांनी सांगावं.”

सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी ते केस हातात घेतले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की बघणाऱ्याचे डोळे भरून यावेत.

“अगं, माझे तरुणपणी अस्सेच होते! अशाच लाटा! सरळ झाले ते नंतर. कोणी केलं हे?”

सगळ्यांनी उस्तादांकडे पाहिलं. एरवी अशी संधी त्यांनी मेले तरी सोडली नसती. पण त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. “हिने.”

बायकोने गळ्यातली किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. उस्तादांनी कात्री आणली, बारक्याची घट्ट वेणी बांधली, आणि कापायच्या आधी तेवीस वर्षांत पहिल्यांदा दोनदा मोजलं. मग कचकन कापली. बारक्याने मान हलवून पाहिली आणि म्हणाला, “किती हलकं वाटतंय हो, भाऊजी!”

विग झाला आणि सासूबाईंच्या डोक्यावर असा बसला की काय सांगावं! त्यांचा गाण्याचा वर्ग पुन्हा सुरू झाला. ड्रमवाल्याने केस बारीक कापून घेतले, आता त्याची टोपी कानांपर्यंत येते. आणि दुकानात आठवड्यातून दोन दिवस बायकोची खुर्ची लागते. तिथे दोन-तीन डोकी कायम नंबर लावून बसलेली असतात, सगळी कुठे ना कुठे जटा करून घेऊन फसलेली. उस्ताद त्यांना कंडिशनर चोपडतात आणि बायको सांगेल तेवढंच करतात. ‘केस म्हणजे केस’ हे वाक्यही त्यांनी सोडून दिलंय.

इथेच संपलं असतं तर उस्तादांची थोडी तरी अब्रू राहिली असती. पण परवा ते एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. निम्मी झाली होती, निम्म्या गालावर साबण होता. बायको बाजारात गेलेली. तेवढ्यात सासूबाई आल्या. दाराआड छत्री ठेवायला वाकल्या आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला तो बोर्ड त्यांनी सहज फिरवला.

बोर्डावर बारक्या, हाताची घडी, डोक्यावर बेचाळीस जटा!

उस्तादांचा वस्तरा हवेतच थांबला. सासूबाईंनी फोटो पाहिला, बोर्ड वाचला, दोन्ही ओळी. मग शांतपणे डोक्यावरचा विग उतरवला आणि उस्तादांच्या समोर ठेवला.

“जावईबापू, वर्गातल्या बायका म्हणतात, मी फारच साधी राहते. याच्या जटा करून द्या! दोन दिवस घालीन, मग सोडवून द्या. एक केस इकडचा तिकडे मात्र व्हायला नको हं!”

“आई...” उस्तादांचा घसा खरोखरच बसला. “आज... आज दुकान बंद आहे.”

“बंद? मग हे खुर्चीत कोण बसलंय?”

उस्तादांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं. गिऱ्हाइकाने उस्तादांकडे पाहिलं.

“यांचं... यांचं डोकं दुखतंय, आई.”

“असं का?” सासूबाई पदर खोचत आतल्या खोलीकडे वळल्या. “मग थांबा, इस्त्री तापत ठेवते!”

गिऱ्हाईक उठलं आणि गळ्यातल्या कापडासकट, अर्ध्या दाढीनिशी समोरच्या काचेच्या दुकानात शिरलं.